बसून राहणाऱ्याचा धूर

माझं नाव विचारायच्या आधी मॅडमनी माझं डोकं हुंगलं.

मी त्यांना घ्यायला किनवटच्या स्टेशनवर गेलो होतो. नांदेडची गाडी उशिरा आली. साठीच्या पुढची एक ठेंगणी बाई उतरली. पांढरी सुती साडी, पायात पुरुषी बूट, खांद्याला झोळी, आणि छातीशी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. तान्हं लेकरू धरावं तसं धरलेलं. मी हात जोडले.

"वाक जरा," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, कानात काही सांगायचंय. मी वाकलो. त्यांनी माझ्या केसांत नाक खुपसून एक लांब श्वास घेतला.

"तू ओढत नाहीस. पण रोज ओढणाऱ्यांत बसतोस. बिडी. आणि त्या खोलीला खिडकी एकच असणार."

सगळं खरं होतं. फलाटावरचे चार लोक आमच्याकडे बघून राहिले होते. मॅडमना त्याचं काही नव्हतं. डोकं हुंगणं ही त्यांची ओळख करून घ्यायची पद्धतच होती. बँकेचा मॅनेजर असो, तलाठी असो की नात्यातली नवी सून, त्या "वाक जरा" म्हणायच्या आणि माणूस वाकायचा. का वाकायचा, हे मला अजून कळलेलं नाही. मीही पुढं कितीदा तरी वाकलो.

मी तेव्हा आमच्या नव्या जिल्ह्याच्या कृती समितीची पत्रकं लिहायचो. किनवट वेगळा जिल्हा झाला पाहिजे, ही आमची मागणी. एका सहीसाठी माणसानं जंगलातल्या गावातून निघावं, नांदेडला मुक्काम करावा आणि साहेब दौऱ्यावर गेलेत असं ऐकून परत यावं, याची मला फार चीड यायची. अजून येते. त्यात ते साल दुष्काळाचं. टँकर कोणत्या गावाला जाणार हेही नांदेडात ठरायचं. समितीनं ठराव केला की नवा जिल्हा धूरमुक्त असेल. कायदा होताच, पण तो पाळत कोण होतं? मी पत्रक काढलं: 'दुसऱ्याचा धूर तुमचा जीव घेतोय! हॉटेलवाल्यांनो, जागे व्हा!' ते कुणीतरी नांदेडला मॅडमपर्यंत पोचवलं आणि त्यांचा फोन आला.

"हे जे लिहिलंयस ते तुला कसं कळलं?"

"सगळ्यांनाच माहीत आहे, मॅडम."

"कुठं मोजलंस?"

"मोजलं नाही."

"मग मी येते मोजायला," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मॅडम नांदेडला एका कॉलेजात डॉक्टरकीच्या पोरांना शिकवून निवृत्त झाल्या होत्या. जन्म मात्र आमच्याच तालुक्यातला, जंगलाच्या कडेच्या गावातल्या बौद्ध वस्तीतला. उन्हाळ्यात आई-बाप तेंदूची पानं तोडायचे. म्हणजे ज्या पानाची बिडी होते, त्याच पानावर त्यांच्या शाळेची फी निघाली. मी एकदा फणकाऱ्यानं म्हणालो, "मॅडम, तेंदूचा धंदाच बंद केला पाहिजे." त्या म्हणाल्या, "कर. आधी माझ्या भावकीला दुसरं काम दे, मग कर." पुढं त्या विषयावर मी पत्रक लिहिलं नाही.

टॉवेलातलं ते लेकरू म्हणजे त्यांचं यंत्र. हवेतले धुराचे बारीक कण मोजणारं, डब्याएवढं, समोर लाल आकडे. ते कुठंही नेलं की त्यांचा पहिला प्रश्न एकच असायचा: "इथं सगळ्यात जास्त वेळ कोण बसतं?" आणि यंत्र त्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर ठेवायचं. एका कचेरीत साहेबांनी मोठ्या कौतुकानं आपल्या टेबलावर जागा करून दिली. मॅडम सरळ दाराबाहेरच्या बोळात गेल्या. तिथं स्टुलावर शिपाई बसलेला होता आणि सगळी कचेरी त्याच्या डोक्याशी उभी राहून सिगारेट ओढायची. साहेब म्हणाले, "अहो, तो तर ओढतच नाही."

"म्हणूनच," मॅडम म्हणाल्या. "धूर ओढणाऱ्याचा नसतो. तो दोन मिनिटांत विझवून जातो. धूर बसून राहणाऱ्याचा असतो."

मी त्यांच्यासोबत हिंडलो तेवढ्या काळात त्यांनी एकाही माणसाला 'ओढू नका' म्हटलं नाही. मला ते सहन व्हायचं नाही. एसटी स्टँडवर एकजण बाईच्या कडेवरच्या पोराच्या तोंडावर धूर सोडत होता. मी त्याच्या अंगावर धावून गेलो. मॅडमनी मागून माझा सदरा धरला. यंत्र त्या पोराच्या तोंडाशी नेलं आणि आकडा त्या माणसाकडे फिरवला. बोलल्या काहीच नाहीत. माणूस आकड्याकडे बघून राहिला. मग पोराकडे. मग उठून गेला. "तू ओरडला असतास तर त्यानं तुझ्याशी भांडण केलं असतं," मॅडम म्हणाल्या. "आकड्याशी भांडता येत नाही." माझ्या पत्रकांतली उद्गारचिन्हंही त्या पेन्सिलीनं खोडायच्या. "एवढे खांब कशाला रोवलेस? मंडप तर दिसत नाही कुठं."

समितीची बैठक भरायची ती स्टँडमागच्या एका हॉटेलाच्या मागच्या हॉलमध्ये. हॉटेल एका विधवा काकूंचं. भजी त्याच तळायच्या. मुलगा त्या साली पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर म्हणून लागला होता. दुष्काळात तेवढाच धंदा जोरात होता. म्हणून गल्ल्यावर त्याची बायको बसायची. आम्ही तिला वहिनी म्हणायचो. गल्ला हॉलच्या आत, कोपऱ्यात. वहिनींना दिवस गेलेले होते. आधीचं एक सातव्या महिन्यात गेलं होतं, आणि नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं की ह्या खेपेला धुरात बसायचं नाही.

पण आमच्याकडे बैठक म्हणजे तबक. पितळेचं तबक हॉलच्या मधोमध सतरंजीवर यायचं. पान, सुपारी, बिडीचा कट्टा आणि काडेपेटी. आल्यागेल्याला बिडी पुढं केली नाही तर तो अपमान. तबक मांडलं की बैठक सुरू, तबक उचललं की बैठक मोडली. आमचे अध्यक्ष, सगळे त्यांना दादा म्हणायचे, मोठा माणूस. जिल्ह्यासाठी दोनदा उपोषणाला बसलेला. पण बिडीशिवाय त्यांच्या तोंडून वाक्य निघायचं नाही. त्यात उन्हाळ्याच्या झळा. दाराला आणि एकुलत्या खिडकीला भिजवलेली पोती टांगलेली. आत गार, अंधार आणि धूर.

मॅडमनी शिमग्याच्या सुमाराला पहिल्यांदा तिथं मोजलं. यंत्र वहिनींच्या तोंडाच्या उंचीवर धरलं. आकडा चढत गेला. रस्त्यावर ट्रकच्या मागं धरलं तेव्हाही एवढा चढला नव्हता.

वहिनींनी विचारलं, "लई हाय का, मॅडम?"

"लई हाय," मॅडम म्हणाल्या. कधी नव्हे ते त्या आमच्या बोलीत बोलल्या.

काकू झाऱ्या हातात घेऊनच बाहेर आल्या. "मंग काय करू? हिला माहेरी धाडू? गल्ल्यावर कोण बसंल? माणूस ठेवायची ऐपत न्हाई. हॉटेल बंद केलं तर खायचं काय?" मग म्हणाल्या, "तुम्ही पाटी लावा, बंदोबस्त करा. आकडा उतरला तर बसंल ती. न्हाई उतरला तर धाडते माहेरी, हॉटेलाचं काय व्हायचं ते होवो."

म्हणजे सगळं आता त्या आकड्यावर आलं होतं.

मी पाटी रंगवून आणली. 'धूम्रपान करू नये. दंड होईल.' दादांनी स्वतः खिळा ठोकला. खिळा ठोकताना तोंडात बिडी होती, पण म्हणाले, "आता बाहेर जाऊन ओढू." काहीजण चार दिवस बाहेर गेलेही. मग झळा वाढल्या.

वैशाखात मॅडम पुन्हा आल्या. बैठक भरलेली, तबक मांडलेलं, पाटीखाली आठ-दहा बिड्या पेटलेल्या. मी शरमेनं मेलो होतो. आणि आकडा उतरलेला. थोडाथोडका नाही, चांगला उतरलेला. मी तीनदा बघितला.

"पाटीनं काम केलं," दादा म्हणाले. "पूर्वी वीसजण ओढायचे, आता दहा. घे रे, पत्रक काढ." माझ्या डोक्यात मथळा तयारही झाला होता. तहसीलमधून धूरमुक्त जागेचा दाखला मिळणार होता. नव्या जिल्ह्यातली पहिली धूरमुक्त जागा म्हणून. वहिनींनी पोटावर हात ठेवला आणि कितीतरी दिवसांनी हसल्या. "मंग बसू ना मी इथंच?"

मॅडम दाराकडे बघत बसल्या. दारातून ऊन सरळ आत येत होतं, गरम वारा तबकातली पानं हलवत होता. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "काकू, पोती कुठं गेली?"

"कोणती पोती?"

"दारावरची. भिजवलेली."

"अवो, प्यायला पाणी न्हाई, पोत्याला कुठलं? बोर आटून महिना झाला. गुंडाळून ठेवलीत माळ्यावर."

मॅडमनी यंत्र बंद करून टॉवेलात गुंडाळलं. "हा आकडा पाटीचा नाही. दुष्काळाचा आहे. दार उघडं आहे म्हणून धूर बाहेर जातोय. पाऊस पडला, बोरला पाणी आलं, पोती परत टांगली, की सगळं होतं तिथंच." त्या वहिनींकडे वळल्या. "तू बसू नकोस."

दादांनी हातातली बिडी विझवली. मग दादा म्हणाले, आवाज न चढवता, "बाई, आकडा तुमचाच, यंत्र तुमचंच. आता आमचं चांगलं झालं तर तुम्हालाच बघवंना?"

मीही म्हणालो, "मॅडम, कारण काही का असेना, उतरला ना? लोकांना पाटी लावायचा हुरूप येईल."

"आणि ही?" एवढंच म्हणून त्या उठल्या. जाताना काकूंना सांगितलं, "आठवडाभर हिला गल्ल्यावर बसवू नका. मी परत येते. पोती खाली काढून ठेवा."

पुढच्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा मी स्टेशनवर हातगाडी घेऊन उभा होतो, कारण त्यांनी फोनवर तसं सांगितलं होतं. डब्याच्या दारात निळे कॅन रांगेनं ठेवलेले होते आणि मॅडम त्यांच्या मधे उभ्या होत्या. पाणी. त्या उन्हाळ्यात, रेल्वेच्या गर्दीतून, भोकरच्या पुढं लोक पाण्यासाठी डब्यात चढत होते म्हणे, अशातून त्यांनी ते नांदेडहून आणलं होतं. मी विचारलं, "प्यायला?"

"पोत्यांना."

माझं डोकं फिरलं. "मॅडम, बायका टँकरमागं धावून राहिल्यात. आणि आपण पोत्यावर पाणी ओतायचं?"

त्यांनी एका कॅनचं झाकण काढून माझ्या नाकाशी धरलं. साबणाचा वास. "आंघोळीचं आणि धुण्याचं आहे. आठवडाभर परातीत बसून आंघोळ केली. शेजारणीही द्यायला लागल्या, त्यांना वाटलं मला नवस आहे."

तरी गल्लीत व्हायचं ते झालंच. पोती भिजवताना हंडे घेतलेल्या बायका जमल्या. एक म्हणाली, "हाव, ही शिकलेली बाई. हिला पोत्याची तहान दिसती." मॅडमनी तिला बोलावून कॅनमध्ये बोट बुडवायला लावलं. तिनं बोट हुंगलं, नाक मुरडलं आणि हसली. मग तीच पोती टांगायला पुढं झाली.

आता बैठक. सगळी समिती, नेहमीइतकी माणसं. काकूंचा चुला बंद. मॅडमनी सांगितलं, आधी कुणी बिडी पेटवायची नाही. ओल यंत्राला फसवते, म्हणून नुसत्या ओल्या पोत्यांचा आकडा आधी घ्यायचा. तबक समोर, कट्टा समोर, आणि सगळे पुढारी हात मांडीखाली दाबून बसलेले. हॉलमध्ये साबणाचा वास सुटलेला. दादा म्हणाले, "उपोषण बरं होतं ह्यापरीस." मी हसलो तर माझ्याकडे असं बघितलं की उद्यापासून पत्रकं बंद.

आकडा बेताचाच राहिला. "आता रोजच्यासारखं बसा," मॅडम म्हणाल्या.

वहिनी सवयीनं गल्ल्याकडे निघाल्या. मॅडमनी त्यांना हातानं अडवलं, बाहेर नेऊन दारापाशी उभं केलं, आणि स्वतः आत येऊन गल्ल्याच्या त्या स्टुलावर बसल्या. यंत्र आपल्या तोंडाशी धरलं, आकडे बाहेरून दिसतील असे पोत्याच्या फटीकडे फिरवून.

मला तेव्हा माहीत होतं की त्यांना दम्याचा त्रास आहे. झोळीत फवाऱ्याचं औषध असायचं. मी म्हणालो, "मॅडम, मी बसतो."

"तू तिच्या उंचीचा नाहीस," त्या म्हणाल्या.

पहिली बिडी पेटवायला कुणी तयार होईना. शेवटी दादांनीच पेटवली, बहुधा रागानं. मग दुसऱ्यानं. मग रोजच्यासारखं झालं. टँकरचा विषय निघाला, नांदेडच्या साहेबांना शिव्या देऊन झाल्या, आणि गल्ल्यावर कुणीतरी बसलंय हे लोक विसरले. रोज विसरायचे तसेच. माझी नजर मात्र तिथून हलेना. धूर आधी वर जमला, मग खाली आला, मग त्या बुटक्या बाईच्या तोंडाशी येऊन थांबला. त्यांचा श्वास वाजायला लागला. शीळ घातल्यासारखा. आकडा चढत होता. शिमग्याच्या आकड्याशी पोचला. त्याच्या पुढं गेला. त्या खोकत होत्या, पण यंत्र धरलेला हात तसूभर हलला नव्हता. जिल्ह्यासाठी मरायला तयार आहोत असं मी पत्रकात शंभरदा लिहिलं होतं. जिवावर उदार होणं कसं दिसतं, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. ते स्टुलावर बसलेलं असतं आणि गप्प असतं.

पोतं बाजूला झालं. वहिनी आत आल्या. अध्यक्षांसमोर कधी मान वर न केलेल्या वहिनी, जड पावलांनी, सरळ सतरंजीच्या मधोमध. वाकायला त्रास होत होता तरी वाकल्या आणि तबक उचललं.

"वहिनी, बैठक चालू हाय," दादा म्हणाले.

"चालू राहू द्या की," वहिनी म्हणाल्या, आणि तबक घेऊन बाहेर गेल्या. रस्त्याच्या कडेला कडुनिंब आहे, त्याला दगडी पार आहे. तबक पारावर नेऊन मांडलं. पान सारखं केलं, काडेपेटी कट्ट्यावर ठेवली. पदरानं पार पुसला.

आता जिथं तबक, तिथं बैठक. हे पाटीवर लिहिलेलं नव्हतं आणि कुणी दंडही लावणार नव्हतं, पण ते मोडायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. तबक बाहेर आणि पुढारी आत, हे दिसायलाच कसं दिसलं असतं? दादा थोडा वेळ रिकाम्या सतरंजीकडे बघत बसले. मग उठले. त्यांच्यामागं सगळे उठले.

मी मॅडमना दंडाला धरून बाहेर आणलं. फवारा मारून झाल्यावर, श्वास जरा बसल्यावर, त्या पाराच्या एका टोकाला बसल्या आणि दगडावरून हात फिरवायला लागल्या.

"इथं माझा बाप बसायचा," त्या म्हणाल्या. "तेंदूपानांचे पुडे ठेकेदाराकडे घालून झाले की चहाला. आमच्या माणसांना आत येऊ देत नव्हते. कप वेगळा, तो खोडाच्या बेचक्यात ठेवलेला असायचा. आतले सगळे छाती भरून गेले. माझा बाप नव्वदीला टेकला."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळची गोष्ट होती ती, आणि सासरे खोकूनच गेले होते. काकू आत गेल्या, चुला पेटवला, आणि रोजच्याच कपबशीत चहा करून स्वतः पारावर घेऊन आल्या. पहिला कप मॅडमना दिला. मग दादांना.

दादांनी बिडी कानावर अडकवून ठेवली. चहा पिऊन झाल्यावर मॅडमना म्हणाले, "त्या आकड्याचं काय लिवणार?"

"जे झालं ते. पाटीनं काही झालं नाही. तबक बाहेर गेलं तेव्हा झालं."

माझं पत्रक छापलंच गेलं नाही. तबक बाहेर गेलं म्हणून धूर गेला, असा दाखला कोणत्या तहसीलला देता येणार होता? त्या हॉलमध्ये तबक पुन्हा मांडलं गेलं नाही, पावसाळ्यातही नाही. पारावर ताडपत्री बांधली. वहिनी गल्ल्यावर बसत राहिल्या. मॅडम येत राहिल्या, वहिनींच्या तोंडाशी यंत्र धरत राहिल्या. जिल्हा काही झाला नाही. आम्ही अजून मागतोय.

मुलगी झाली. बारसं हॉटेललगतच्या घरातच होतं. मॅडम नांदेडहून आल्या, तेच बूट, तोच टॉवेल. बायकांचा घोळका बाजूला सारून पाळण्याशी गेल्या. लेकराला वाकायला सांगता येत नव्हतं, म्हणून पहिल्यांदाच त्या स्वतः वाकल्या. जावळात नाक घातलं. आम्ही सगळे बघत होतो. वहिनी तर श्वास धरून.

"दूध," मॅडम म्हणाल्या.

वहिनींचे डोळे भरून आले. मॅडमनी मात्र पुन्हा नाक घातलं. कपाळाला आठी पडली.

"आणि ओवा. गोवरी. हिला धुरी कोण देतं?"

सगळ्या बायकांनी काकूंकडे बघितलं. पाळण्याखाली शेगडी होती, तिच्यावर ओवा टाकलेला, बारीक धूर पाळण्याला वेढा घालून वर चालला होता. काकू म्हणाल्या, "अवो, बाळंतिणीच्या खोलीत धुरी लागतीच. आमच्या सात पिढ्या—"

मॅडम टॉवेल सोडायला लागल्या. यंत्र बाहेर यायच्या आत वहिनी उठल्या. पदरानं शेगडीचे कान धरले आणि ती घेऊन दाराबाहेर, पाराकडे चालू लागल्या.